इंजिनिअरिंगच्या पीएचडीनंतर कंपनी की युनिव्हर्सिटी, कसं ठरवायचं

थिसीस लिहायला घेतला की हा प्रश्न डोकं खायला लागतो, आणि बहुतेक जण तो चुकीच्या तुलनेवर सोडवतात. एका बाजूला स्वतःची पीएचडीची वर्षं ठेवतात, म्हणजे आपली लॅब, आपला सेटअप, आपला प्रॉब्लेम, घड्याळाकडे फारसं न बघता केलेलं काम, आणि दुसऱ्या बाजूला कंपनी, म्हणजे मॅनेजर, डेडलाईन, बरा पगार. यातली पहिली बाजू आता तुमच्या हातात उरलेलीच नाहीये. डिग्री मिळाली की ते आयुष्य संपतं, तुम्ही कंपनीत गेलात तरी आणि प्रोफेसर झालात तरी. म्हणून तुलना करायची ती नव्या असिस्टंट प्रोफेसरच्या आठवड्याची आणि कंपनीत दोन-तीन वर्षं झालेल्या पीएचडीवाल्याच्या आठवड्याची. मी दोन्हीकडे काम केलंय, दोन्हीकडे माणसं घेताना पॅनलवर बसलोय, आणि एवढी हुशार मुलं फक्त माहिती नसल्यामुळे नको त्या जागी जाऊन पडताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

प्रोफेसरचा आठवडा जवळून बघा

तुमच्या गाईडकडे बघून अंदाज बांधू नका, तो सीनियर आहे, त्याचं बस्तान बसलेलं आहे. डिपार्टमेंटमध्ये गेल्या तीन-चार वर्षांत लागलेला कोणी असेल तर त्याला जाऊन विचारा, "गेल्या आठवड्यात काय काय केलंत?" उत्तर साधारण असं येतं: नवीन कोर्सची तयारी, लेक्चर, असाइनमेंट आणि त्यांच्या मार्कांवरून आलेल्या तक्रारी, एक ग्रँट प्रपोजल ज्याची तारीख डोक्यावर आहे, दोन विद्यार्थ्यांच्या पेपरचे ड्राफ्ट, एका पंप-बिंप बिघडलेल्या मशीनसाठी व्हेंडरशी फोन, कमिटीची मीटिंग, रिव्ह्यूला आलेले पेपर, आणि शिफारसपत्रं. स्वतःच्या हाताने प्रयोग किंवा कोड? तो राहून गेला. सुरुवातीच्या एखाद-दोन वर्षांत लॅब उभी करताना हात काळे होतात, त्यानंतर काम विद्यार्थी करतात आणि तुम्ही त्यांना माणसं, पैसे, जागा आणि दिशा पुरवता.

ही गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. ज्याला सोल्डरिंग आयर्न हातात धरायला आवडतं, सिम्युलेशन रात्रभर चालवून सकाळी आलेखाकडे बघायला आवडतं, त्याला ते काम पुढची दहा वर्षं करायला मिळण्याची शक्यता कंपनीतच जास्त असते. आणि ज्याला दुसऱ्याचं काम वाढताना बघून समाधान मिळतं, ज्युनियरचा गोंधळलेला ड्राफ्ट घेऊन तासभर बसल्यावर चिडचिड न होता बरं वाटतं, त्याच्यासाठी युनिव्हर्सिटी. माझ्या मते ही एवढी एक गोष्ट स्वतःबद्दल प्रामाणिकपणे पाहिलीत तरी अर्धा निर्णय झाला. लोक "मला रिसर्च आवडतो" एवढंच सांगतात, पण रिसर्चमधलं नेमकं काय? प्रश्न शोधणं, मशीन चालू करणं, लिहिणं, समजावून सांगणं, की अडलेली गोष्ट एकदाची चालली की सुटका होणं? ही पाच वेगवेगळी कामं आहेत आणि ती पाचही एकाच नोकरीत भरपूर मिळत नाहीत.

टेन्युअरचं, म्हणजे प्रोफेसरची नोकरी कायम होण्याचं, घड्याळ पण समजून घ्या. अमेरिकेत साधारण सहाव्या वर्षी फाईल जाते, तिथल्या प्राध्यापकांच्या संघटनेने कॉलेजांच्या संघटनेसोबत १९४० साली काढलेल्या निवेदनात प्रोबेशन सात वर्षांपेक्षा जास्त नसावं असं म्हटलंय आणि बहुतेक ठिकाणी त्याच चौकटीत काम चालतं. त्या मुदतीत स्वतःची ग्रँट, किमान एखादा पीएचडी विद्यार्थी बाहेर पडलेला किंवा पडत आलेला, स्वतःच्या ग्रुपचे पेपर, आणि तुमच्याशी संबंध नसलेल्या बाहेरच्या प्राध्यापकांची पत्रं लागतात. शेवटची गोष्ट लोक विसरतात, म्हणजे तुमच्या विषयात तुम्हाला ओळखणारी माणसं दुसऱ्या ठिकाणी हवीत, नुसते पेपर पुरत नाहीत. नाही मिळालं टेन्युअर तर साधारण एक वर्षाची मुदत असते आणि मग जावं लागतं. इतर देशांत नियम वेगळे, काही ठिकाणी कायम व्हायला फार कमी वेळ लागतो, काही ठिकाणी प्रोफेसरची कायम जागा मिळेपर्यंत कॉन्ट्रॅक्टवर कॉन्ट्रॅक्ट चालतात, त्यामुळे ज्या देशात जायचंय तिथला नियम वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

"इंडस्ट्री" म्हणजे नेमकं कुठे

हा भाग जरा लांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कंपनी म्हटलं की एकच चित्र डोळ्यासमोर येतं, पण कंपनीतली रिसर्च लॅब, ॲडव्हान्स्ड डेव्हलपमेंटची टीम, प्रॉडक्टची टीम, फॅक्टरीतली प्रोसेस टीम, ॲप्लिकेशन इंजिनिअर, पेटंटचं काम, कन्सल्टन्सी आणि दहा माणसांचा स्टार्टअप यांच्यात इतका फरक आहे की त्यातल्या काहींपेक्षा युनिव्हर्सिटीची लॅब तुम्हाला जास्त ओळखीची वाटेल.

यासाठी एक चांगलं साधन आहे, नासामध्ये १९७० च्या दशकात सुरू झालेली तंत्रज्ञान किती तयार आहे हे मोजायची पट्टी, टीआरएल म्हणतात. एक ते नऊ आकडे. एक म्हणजे मूळ तत्त्व दिसलंय एवढंच, तीनपर्यंत कल्पना प्रयोगात चालते हे दाखवलं, चार-पाच-सहा म्हणजे लॅबमधला नमुना ते खऱ्यासारख्या परिस्थितीतला नमुना, आणि नऊ म्हणजे खऱ्या वापरात सिद्ध झालेली वस्तू. युनिव्हर्सिटीचं बरंचसं काम एक ते तीनमध्ये असतं, प्रॉडक्ट टीमचं सात ते नऊमध्ये, आणि मधल्या चार ते सहामध्ये पैसे मिळणं सगळ्यात अवघड, तिथे चांगल्या चांगल्या कल्पना अडकून राहतात. आता तुमच्या थिसीसमधली प्रकरणं काढा आणि प्रत्येकाला आकडा द्या, आणि मग बघा की कुठल्या आकड्याचं काम करताना तुम्हाला वेळेचं भान राहिलं नव्हतं. दोन-तीन असेल तर युनिव्हर्सिटी किंवा मोठ्या कंपनीची मूलभूत रिसर्च लॅब, आणि अशा लॅब थोड्या आहेत हे लक्षात ठेवा. सात-आठ असेल तर कसलाही संकोच न बाळगता प्रॉडक्टकडे जा. चार ते सहा आवडत असेल तर तिसरा रस्ता बघा, जो खूप जण बघतच नाहीत: सरकारी लॅब आणि संशोधन संस्था. जर्मनीतली १९४९ साली सुरू झालेली फ्राऊनहोफर संस्था याच मधल्या पट्ट्यात काम करते, तिचा मोठा खर्च कंपन्यांच्या आणि सरकारी प्रोजेक्टमधून निघतो. अशा ठिकाणी शिकवायचं ओझं नसतं, उपकरणं चांगली असतात, आणि पेपरही निघतात. काही देशांत संरक्षणाशी जोडलेल्या लॅबमध्ये नागरिकत्वाची अट असते, तेवढं आधी तपासा.

विषयानुसारही चित्र बदलतं. सेमीकंडक्टरमध्ये अगदी पुढचं काम करायचं असेल तर ती यंत्रं कंपन्यांकडेच आहेत, चिपवर अतिसूक्ष्म रचना प्रकाशाने उमटवणारं ईयूव्ही लिथोग्राफीचं मशीन जगात एएसएमएल ही एकच कंपनी बनवते आणि ते कुठल्या डिपार्टमेंटच्या बजेटमध्ये बसणारं नाही, पण नवीन मटेरियल किंवा वेगळ्या रचनेचा डिव्हाइस शोधायचा तर युनिव्हर्सिटीत जास्त मोकळीक आहे. मशीन लर्निंगमध्ये मोठी मॉडेल्स ट्रेन करायची तर कॉम्प्युट, म्हणजे त्यासाठी लागणारी कॉम्प्युटरची ताकद, कंपन्यांकडे आहे. केमिकलमध्ये स्केल-अपचं, म्हणजे लॅबमधली प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर नेण्याचं, खरं शिक्षण प्लांटमध्येच होतं, बीकरमध्ये नीट चाललेली रिॲक्शन मोठ्या रिॲक्टरमध्ये उष्णता बाहेर न गेल्यामुळे कशी बिघडते हे पुस्तकातून अंगात भिनत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये बऱ्याच डिझाइन कंपन्यांना पीएचडीची गरज नसते, त्यांना लायसन्स आणि प्रोजेक्टचा अनुभव हवा असतो, पण भूकंप, वाऱ्याचा भार, पडझडीची कारणं शोधणं अशा कामात पीएचडीला मान आहे. कंट्रोल थिअरीत नुसती प्रमेयं सिद्ध करायला आवडत असेल तर ते काम पगार देऊन करून घेणाऱ्या कंपन्या मोजक्याच. मेडिकल डिव्हाइसमध्ये कामाचा केवढा तरी भाग चाचण्या, कागदपत्रं आणि मंजुरी यांचा असतो, आणि तो काहींना मनापासून आवडतो, कारण शेवटी ती वस्तू पेशंटपर्यंत पोचते.

स्वातंत्र्याबद्दल थोडं

"युनिव्हर्सिटीत स्वातंत्र्य, कंपनीत गुलामी" हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं कारण यावर विश्वास ठेवून माणसं आयुष्याचे निर्णय घेतात. युनिव्हर्सिटीत प्रॉब्लेम तुम्ही निवडता हे खरं, पण ज्या प्रॉब्लेमला पैसे मिळतात त्यातूनच निवडता, आणि विद्यार्थ्यांचा स्टायपेंड तुमच्या ग्रँटवर चालत असेल तर ती निवड आणखी अरुंद होते. कंपनीत प्रॉब्लेम दुसरा कोणी निवडतो, पण तो सोडवायचा कसा यात पुष्कळदा भरपूर मोकळीक मिळते, आणि लागलं ते उपकरण आठवड्यात टेबलावर येतं. हक्कांचंही तसंच. आपण युनिव्हर्सिटीत शोध लावला तर तो आपला, असं खूप जणांना वाटतं. तसं नसतं. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यानंतर सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी युनिव्हर्सिटीला ठेवता येते, आणि बहुतेक युनिव्हर्सिट्या नोकरीच्या करारातच तुमच्याकडून तसं लिहून घेतात, रॉयल्टीत तुम्हाला वाटा मिळतो.

त्यापेक्षा उपयोगी प्रश्न हा की कुठलं दुःख तुम्हाला झेपतं. युनिव्हर्सिटीतलं दुःख नकाराचं असतं: प्रपोजल परत, पेपर परत, आणि रिव्ह्यूअरने तुमचं काम नीट वाचलंही नाहीये हे कळूनसुद्धा नम्रपणे उत्तर लिहायचं. कंपनीतलं दुःख वेगळं, तिथे तुमचं काम चालतं, आकडे उत्तम येतात आणि तरी एका सोमवारी सांगतात की प्रोजेक्ट बंद, बाजार बदलला किंवा वरचे लोक बदलले. पहिल्या प्रकारात तुम्ही तोच विषय घेऊन पुन्हा उभे राहू शकता, दुसऱ्यात विषयच सोडावा लागतो, पण पगार चालू राहतो आणि पुढच्या महिन्यात नवीन काम मिळतं (कधीकधी टीमच जाते, हेही सांगायला हवं). ज्याचा जीव एका प्रश्नात वर्षानुवर्षं अडकतो त्याला दुसरं दुःख फार लागतं. ज्याला निकाल लवकर दिसायला हवा त्याला पहिलं पोखरतं.

परत यायचं दार

लिथियम-आयन बॅटरीची गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम १९७० च्या दशकात एक्झॉनमध्ये, म्हणजे तेल कंपनीत होते, तिथे त्यांनी टायटॅनियम डायसल्फाइड वापरून लिथियमची बॅटरी केली, पुढे कंपनीने बॅटरीतून अंग काढून घेतलं. जॉन गुडइनफ दोन दशकांहून जास्त काळ एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये होते, १९७६ ला ऑक्सफर्डला प्रोफेसर झाले आणि १९८० मध्ये त्यांच्या ग्रुपने कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड दिला. अकिरा योशिनो असाही कासेई या जपानी केमिकल कंपनीत होते, त्यांनी १९८५ मध्ये कार्बनचा ॲनोड लावून सुरक्षित बॅटरी जुळवली, आणि १९९१ ला सोनीने ती बाजारात आणली. २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांना मिळून. कल्पना कंपनीतून युनिव्हर्सिटीत गेली, तिथून परत कंपनीत आली, आणि माणसंही फिरली: व्हिटिंगहॅम १९८८ मध्ये बिंगहॅम्टन युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाले, आणि योशिनोंनी तर डॉक्टरेटच २००५ मध्ये, कंपनीत अनेक वर्षं काढल्यावर घेतली.

म्हणजे दार उघडं असतं, पण दोन्ही बाजूंनी सारखं नाही. युनिव्हर्सिटीतून कंपनीत जाणं सहसा सोपं, पोस्टडॉकनंतरही (पीएचडीनंतर दुसऱ्याच्या ग्रुपमध्ये केलेली तात्पुरती रिसर्चची नोकरी) आणि काही वर्षं शिकवल्यावरही. कंपनीतून युनिव्हर्सिटीत यायचं तर लोकांना दाखवता येईल असं काम लागतं, आणि कंपनीतलं चांगलं काम पुष्कळदा गुपित असतं. त्यामुळे परत यायची थोडीशी जरी इच्छा असेल तर पहिल्या वर्षापासून तयारी ठेवा: वर्षाला एखादा तरी पेपर किंवा पेटंट, आपल्या विषयाच्या कॉन्फरन्समध्ये रिव्ह्यूचं काम, एखाद्या विद्यार्थ्याला सहमार्गदर्शन, जवळच्या कॉलेजात एखादा कोर्स. यातलं काहीच न करता पाचेक वर्षं गेली तर रिसर्च युनिव्हर्सिटीत परतणं खरंच अवघड होतं. पण शिकवण्यावर भर असलेल्या संस्थांत उलट परिस्थिती असू शकते, जर्मनीत उपयोजित विज्ञानाच्या युनिव्हर्सिट्यांमध्ये प्रोफेसर व्हायला साधारणपणे पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो आणि त्यातली किमान तीन वर्षं उच्चशिक्षणाच्या बाहेरची. तिथे इंडस्ट्री केल्याशिवाय जाताच येत नाही.

आणि पोस्टडॉक. यावर माझं मत ठाम आहे. नवीन तंत्र शिकायचंय, गाईडच्या सावलीतून बाहेर पडून स्वतःचा विषय उभा करायचाय, विशिष्ट ग्रुपमध्येच ते काम होतं, अशा कारणासाठी पोस्टडॉक जरूर करा. निर्णय होत नाहीये म्हणून करू नका. ती जागा निर्णय पुढे ढकलायला फार सोयीची असते, पगार कमी, भविष्य अनिश्चित, आणि दोन वर्षांनी प्रश्न तोच. जॉइन होतानाच शेवटची तारीख ठरवा आणि ती कुणाला तरी सांगून ठेवा. कंपनीत जायचं नक्की असेल तर इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांत पोस्टडॉकची गरज नाही.

थिसीस जमा करायच्या आधीचं दीड वर्ष

ठरवायला नुसता विचार पुरत नाही, चाखून बघावं लागतं, आणि त्यासाठी वेळ आत्ताच आहे.

एक इंटर्नशिप करा, शक्यतो तीन महिन्यांची. गाईड नाही म्हणेल अशी भीती असते, म्हणून विचारताना तारखा, त्या काळात थिसीसचं कुठलं काम थांबेल आणि कुठलं चालू राहील हे लिहून न्या, आणि कंपनीतला प्रॉब्लेम थिसीसला लागून असेल तर तेही दाखवा. शिकवण्याच्या बाबतीत एखादं गेस्ट लेक्चर देऊन "मला शिकवायला आवडतं" असं ठरवू नका, एक लेक्चर सगळ्यांनाच आवडतं. अख्खा कोर्स घ्या, किंवा निदान त्यातला मोठा भाग, पेपर सेट करा, तपासा, आणि ज्या मुलाला काहीच कळत नाहीये त्याच्यासोबत बसा. गाईडच्या पुढच्या ग्रँट प्रपोजलमधला एक भाग लिहायला मागा, बजेटसकट. ज्यांना बजेटचं पान भरतानाच नकोसं होतं त्यांना काहीतरी महत्त्वाचं कळलं.

माणसांशी बोला, पण योग्य माणसांशी. तीन ते पाच वर्षांपूर्वी पास झालेले, आणि विशेषतः एक बाजू सोडून दुसरीकडे गेलेले. त्यांना "आवडतं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की मागच्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला, शेवटचा निर्णय तुम्ही स्वतः कधी घेतला, कोणती गोष्ट माहीत असती तर इथे येण्याआधी दोनदा विचार केला असता. अशी अर्ध्या तासाची पाच-सहा संभाषणं झाली की धूसर चित्र बरंच स्वच्छ होतं.

अजून एक, नोकरीच्या जाहिराती आत्तापासून जमवा. अर्ज करायचा नसला तरी. वीसेक जाहिराती, दोन्हीकडच्या, आणि ज्या ओळी वाचून "हे मला करायचंय" असं वाटतं त्या पिवळ्या करा. सगळ्या शेजारी ठेवून वाचल्या की स्वतःचा कल दिसतो, आणि काय कमी पडतंय तेही.

अर्ज, मुलाखती

दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर युनिव्हर्सिटीची फाईल आधी तयार करा कारण तिचं वेळापत्रक तुमच्यासाठी थांबत नाही. अमेरिकेत जाहिराती साधारण शरद ऋतूत येतात, मुलाखती जानेवारी ते एप्रिल, जॉइनिंग ऑगस्टच्या आसपास, म्हणजे एक वर्ष आधी तयारी. रिसर्च स्टेटमेंट, टीचिंग स्टेटमेंट, सीव्ही आणि शिफारसपत्रं. पत्रं लिहिणाऱ्यांना दोन महिने आधी सांगा आणि त्यांना तुमच्या कामाचं एक पान लिहून द्या. रिसर्च स्टेटमेंटमध्ये लोक पीएचडीचा सारांश लिहितात, पॅनलला मात्र पुढची पाच वर्षं हवी असतात: तुमचा विषय गाईडच्या विषयापेक्षा कुठे वेगळा, पहिला विद्यार्थी काय करेल, पैसे कुठून येतील.

कंपन्या वर्षभर माणसं घेतात, जॉइन होण्याच्या तीन ते सहा महिने आधी सुरुवात केली तर चालतं. रेझ्युमे एक-दोन पानांचा, पेपरची लांबलचक यादी नको. थिसीस चार वाक्यांत सांगता यायला हवा: अडचण काय होती, ती कुणाला भेडसावत होती, मी काय केलं, किती फरक पडला. "आम्ही" ऐवजी "मी" म्हणायची सवय करा, लॅबमध्ये वाढलेल्या माणसाला ते जड जातं, पण समोरच्याला तुम्ही स्वतः काय केलं तेच जाणून घ्यायचं असतं. आणि एक प्रश्न हमखास येतो, "यापेक्षा सोप्या पद्धतीने का नाही केलं?" त्यावर रागावू नका, प्रामाणिक उत्तर तयार ठेवा. सोपी पद्धत करून बघितली होती आणि ती इथे अडली, असं उत्तर देणाऱ्याला मी नेहमी जास्त मार्क दिलेत.

गाईडला कधी सांगायचं हा नाजूक विषय आहे. काही गाईड विद्यार्थी कंपनीत जातोय हे मनाला लावून घेतात, आणि विद्यार्थ्यालाही वाटतं की आपली पीएचडी वाया चालली. वाया काही जात नाही. कुणाला उत्तर माहीत नाही असा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं टिकून राहणं, चुकीचा डेटा ओळखणं, स्वतःच्या निष्कर्षावर संशय घेणं, हे कंपनीत इतकं दुर्मिळ आणि इतकं उपयोगी आहे की ज्यांनी ते कमावलंय त्यांनी मान खाली घालायचं काहीच कारण नाही. थिसीसची तारीख स्पष्ट झाली की थेट सांगा आणि सोबत ठोस मदत मागा, ओळख करून द्या किंवा पत्र द्या. नुसती बातमी देण्यापेक्षा मदत मागितली की बहुतेक माणसं आपल्या बाजूने येतात.

सही करण्याआधी

कंपनीला विचारा: पेपर छापायला परवानगी कोण देतं आणि गेल्या वर्षात या टीमचे किती छापले. करारातलं शोधांच्या मालकीचं कलम वाचा, आधीच्या शोधांची यादी जोडायची जागा असते तिथे पीएचडीतले शोध लिहा, ती रिकामी सोडू नका. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायला बंदी घालणारं कलम आहे का, आणि त्या देशात ते चालतं का. मॅनेजर न होता टेक्निकल शिडीवर किती वर जाता येतं आणि तिथे प्रत्यक्ष माणसं आहेत का. याआधी घेतलेले दोन पीएचडीवाले आता काय करतायत. आणि मॅनेजर कोण, हे जमेल तेवढं जाणून घ्या. ट्रान्झिस्टरचे दोन शोधकर्ते बार्डीन आणि ब्रॅटन बेल लॅबमध्ये होते, त्या काळी त्याहून चांगली इंडस्ट्रियल लॅब सापडणं कठीण होतं, पण त्यांचा वरिष्ठ शॉकली याने पुढच्या कामातून त्यांना बाजूला ठेवलं आणि १९५१ मध्ये बार्डीन इलिनॉय युनिव्हर्सिटीत निघून गेले. तिथे १९५७ मध्ये सुपरकंडक्टिव्हिटीचा सिद्धांत झाला आणि १९७२ ला त्यांना दुसरं नोबेल मिळालं. एवढ्या मोठ्या लॅबमध्येही एक वरिष्ठ पुरतो.

युनिव्हर्सिटीला विचारा: स्टार्टअप पॅकेज, म्हणजे लॅब उभी करायला युनिव्हर्सिटी देते ते पैसे, किती आणि ते कधीपर्यंत खर्च करायचं, लॅबची जागा आत्ता कशी आहे (बघून या, फोटोवर जाऊ नका), पहिल्या वर्षी किती कोर्स, विद्यार्थ्यांना पहिलं वर्ष कोण पैसे देतं, उपकरणाच्या दुरुस्तीचा खर्च कुणाचा. कायम होण्यासाठी काय अपेक्षा आहे ते लेखी मागा. अमेरिकेत पगार बरेचदा नऊ महिन्यांचा असतो आणि उन्हाळ्याचा ग्रँटमधून काढायचा असतो, त्यामुळे कंपनीच्या आकड्याशी तुलना करताना ते धरा, तसंच कंपनीच्या ऑफरमधले शेअर एकदम मिळत नाहीत, बहुतेक वेळा चार वर्षांत थोडे थोडे मिळतात, तेही धरा. साधारणपणे कंपनीचा पगार जास्त असतो, यात लपवण्यासारखं काही नाही, आणि डोक्यावर कर्ज असेल, घरी कुणी अवलंबून असेल तर पैशाला पहिला नंबर देणं पूर्णपणे योग्य आहे.

परदेशी असाल तर व्हिसा निर्णय उलटा करू शकतो. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार आणि तिथली वरची डिग्री असलेल्यांसाठी आणखी २० हजार अशी आहे, युनिव्हर्सिट्या या मर्यादेच्या बाहेर आहेत. मर्यादेपेक्षा जास्त अर्ज आले की लॉटरीने निवड होते, म्हणजे युनिव्हर्सिटीत लॉटरी नाही, पण तिथून कंपनीत जाताना लॉटरीत उतरावं लागू शकतं. हे नियम बदलत राहतात, सही करायच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

जोडीदार असेल तर अर्ज करायच्या आधी बोला, ऑफर आल्यावर नाही. प्राध्यापकीची जागा जिथे निघते तिथे जावं लागतं, गाव निवडता येत नाही, आणि दोघांना एकाच ठिकाणी जागा मिळणं हा खरोखर अवघड प्रश्न आहे. कुठली गावं चालतील, किती काळ लांब राहायची तयारी आहे, कुणाचं करिअर आधी, हे बोलणं अस्वस्थ करणारं असतं तरी बोला. काही युनिव्हर्सिट्या जोडीदारासाठी जागा काढतात, ते ऑफर हातात आल्यावर आणि सही करण्याआधी विचारायचं.

कंपनीची ऑफर आधी आली आणि युनिव्हर्सिटीचं उत्तर यायचंय असं हमखास होतं. कंपनीला लेखी मुदत मागा, दोन-तीन आठवडे मागितले तर बरेचदा मिळतात, आणि युनिव्हर्सिटीच्या कमिटीला सरळ कळवा की हातात ऑफर आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, त्यांचं काम त्याने पुढे सरकू शकतं. एकाला हो म्हणून नंतर फिरू नका, विषयाचं जग लहान असतं. इतकं सगळं करूनही दोन्ही पारडी सारखी वाटत असतील तर कंपनी की युनिव्हर्सिटी हा प्रश्न सोडून द्या आणि कुठल्या ठिकाणची माणसं तुम्हाला जास्त शिकवतील ते बघून ठरवा. आणि ठरलं की दुसऱ्या जागेला त्याच दिवशी कळवा, त्यांच्या यादीत तुमच्या खालचा माणूस उत्तराची वाट बघत थांबलेला असतो.